देह परठवताना



यावेळचा विषय लोणच्या-पापडाचा नाही आणि तपाच्या पारण्याचाही नाही. वाचायला थोडा जड जाईल. पण घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल, तर शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

मागच्या पौषात आमच्या सासूबाई गेल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. रात्री प्रतिक्रमण करून झोपल्या, त्या पहाटे उठल्याच नाहीत. भाग्यवान म्हणाले सगळे. पण त्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट माझ्याकडून झाली नाही, आणि तेवढ्यासाठी मी गेलं वर्षभर वाचत, विचारत बसले आहे.

त्याच्या आधीच्या चातुर्मासात आमच्या स्थानकात महासतीजींचं पाच समितींवर व्याख्यान चाललं होतं. पाचवी समिती परठवण्याची. नख असो, केस असो, उरलेलं पाणी असो की फाटलेलं वस्त्र, साधू-साध्वी काहीही टाकतात ते जागा नीट पाहून, पूंजून, जिथे जीव-जंतू नाहीत, हिरवं उगवलेलं नाही, अशा ठिकाणी. टाकणं वेगळं आणि परठवणं वेगळं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. व्याख्यानाहून घरी येताना सासूबाई वाटेत थांबल्या आणि म्हणाल्या, “नखसुद्धा जागा बघून परठवायचं. मग एवढ्या मोठ्या देहाचं काय गं? त्याला चार क्विंटल लाकूड?” मी काही बोलले नाही. मग त्याच म्हणाल्या, “माझ्यासाठी झाड तोडू नका. आपली लेकरं ठेवली तसं मला मातीत ठेवा.”

लेकरं म्हणजे कोण, ते सांगायला हवं. माझं दुसरं बाळ नऊ दिवसांचं होऊन गेलं. त्याला आता एकतीस वर्षं झाली. मलमलच्या फडक्यात गुंडाळून ह्यांनी आणि जेठजींनी बोरीच्या काठापलीकडे नेलं आणि मातीत ठेवून आले. बायकांनी जायचं नसतं, म्हणून मी गेले नाही, आणि जागा कुठली ते कुणी सांगितलंही नाही. दोन वर्षांनी एका दुपारी सासूबाई मला शेतावर जायचं म्हणून घेऊन गेल्या आणि वाटेत एका बाभळीपाशी उभ्या राहिल्या. “इथे,” म्हणाल्या. त्यांना कसं माहीत, असं मी विचारलं तेव्हा कळलं, त्यांची स्वतःची दोन त्याच बाजूला होती. खूण नाही, दगड नाही. बाभूळ मात्र चांगली वाढली होती.

म्हणून त्या सकाळी लाकडाची गाडी सांगायला माणूस निघाला तेव्हा मी जेठाणीबाईंना सासूबाईंचं म्हणणं सांगितलं, त्यांनी ते जेठजींच्या कानावर घातलं. जेठजी क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “आईचं मन मला कळतं. पण आपल्यात असं नाही.” दारात सगळा समाज जमला होता, वेळ घालवायचा नव्हता, मातीत ठेवायचं म्हटलं तर कुठे ठेवायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. मला जेठजींचा राग आला नाही. कडुनिंब आणि बाभूळ मिळून चार क्विंटलच्या वर लाकूड लागलं. हिशोबाच्या वहीत ती ओळ माझ्याच हातची आहे.

“आपल्यात असं नाही.” हे वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जाईना. खरंच आपल्यात नाही का? कधीच नव्हतं का? तेवढं शोधायचं ठरवलं.

साधूंचा देह आणि मागून आणलेला बांबू

सुरुवात आपल्याच आगमांपासून केली. आपल्या बत्तीस आगमांत बृहत्कल्पसूत्र आहे, साधू-साध्वींच्या आचाराचं. त्यात एक प्रसंग येतो. रात्री किंवा संध्याकाळी एखादा साधू कालधर्म पावला आणि सोबतच्या साधूंना त्याचा देह परठवायचा असेल, तर काय करावं? गृहस्थाकडे देह वाहून नेण्याजोगी एखादी अचित्त वस्तू असेल तर ती घ्यावी, देह एकांतात, निर्जीव जागी परठवावा, आणि ती वस्तू होती तिथे परत नेऊन ठेवावी. एवढंच. चितेचं नाव नाही, लाकडाचं नाव नाही. उलट, मागून घेतलेला बांबूसुद्धा परत करायचा आहे.

यावरच्या भाष्यात तर असंही आहे की साधू नव्या गावी मुक्कामाला गेले की भिक्षेची घरं जशी पाहून ठेवतात, तशी अशा प्रसंगासाठी मोकळी, निर्जीव जमीनही आधीच पाहून ठेवावी. म्हणजे मरणाची तयारी अशुभ नव्हती, आचाराचा भाग होती.

दिगंबर परंपरेतला भगवती आराधना हा शिवार्यांचा जुना प्राकृत ग्रंथ आहे. समाधिमरणावर यापेक्षा सविस्तर ग्रंथ क्वचितच असेल. त्यातही साधूचा देह कसा न्यावा, सपाट जमिनीवर गवताचा संथारा कसा समान पसरावा आणि त्यावर देह कसा ठेवावा, हे सांगितलं आहे. त्या विधीला विजहणा असा शब्द आहे, म्हणजे सोडून देणं. वनात देह सोडायचा आणि परत यायचं. पशुपक्षी, ऊन, पाऊस पुढचं काम करत. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवर समाधिमरण घेतलेल्यांच्या आठवणीचे लेख खडकावर कोरलेले आहेत. त्यातले सर्वांत जुने सुमारे १४०० वर्षांपूर्वीचे. तिथे नाव राहिलं, व्रत राहिलं, देहाची खूण मागे ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मी सोयीचं तेवढंच उचललं असं होईल. भगवान ऋषभदेवांचं निर्वाण अष्टापदावर झालं, तेव्हा देवांनी गोशीर्ष चंदनाच्या तीन चिता रचल्या, असं वर्णन जंबूद्वीपप्रज्ञप्तीत आहे. एक भगवंतांची, एक गणधरांची, एक बाकीच्या साधूंची. म्हणजे अग्नीही आपल्या परंपरेत जुनाच आहे. श्रावक तर आजूबाजूच्या समाजासारखे अग्निसंस्कार करत आले. पुढे साधू-साध्वींच्या देहाचं कामही श्रावकांनी हाती घेतलं, आणि आज पालखी निघते, चंदन येतं, बोली लागते. ते भक्तीनेच होतं. पण “आपल्यात असं नाही” हे मात्र खरं नाही. आपल्यात ज्यांना आपण सर्वांत वर मानतो, त्यांच्यासाठी एकेकाळी काडीचंही लाकूड लागत नव्हतं.

दोन मडक्यांतलं बाळ

मग मी आपल्या खानदेशाकडे वळले. चाळीसगाव तालुक्यात गिरणेच्या काठी बहाळ म्हणून गाव आहे. तिथे १९५०च्या दशकात पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं. नदीच्या पलीकडच्या काठावर टेकवाडे आहे. तिथे त्या जुन्या वस्तीतल्या माणसांची दफनं सापडली, काही मातीच्या घड्यांतली. तीन हजार वर्षांहून जुनी. म्हणजे आपल्या गिरणेच्या खोऱ्यात माणसं मातीला देह देत होती, तेही पेटी न करता, घरच्याच मडक्यात.

याच काळातलं पुणे जिल्ह्यातलं इनामगाव. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ अशी बरीच वर्षं तिथे खोदकाम केलं. तिथे तान्ह्या बाळांची पुष्कळ दफनं सापडली, आणि ती कुठे? राहत्या घराच्या जमिनीखाली. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि आत बाळ. मी ते चित्र एका पुस्तकात पाहिलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्या आईला तिचं बाळ कुठे आहे हे माहीत होतं. ती त्याच जमिनीवर बसून दळत होती, रांधत होती.

तान्ह्या बाळाला जाळायचं नाही, ही समजूत पुढेही टिकली. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला गावाबाहेर शुद्ध जमिनीत ठेवावं, असं मनुस्मृतीतही आहे. आणि आपणही तेच करतो. आज परदेशात ज्याला हिरवं दफन म्हणतात, म्हणजे पेटी नाही, रसायन नाही, सिमेंट नाही, साधं सुती कापड आणि माती, ते आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. फक्त सर्वांत लहानांसाठी. आणि ते पुरुष करून येतात, म्हणून त्याबद्दल आपण बायका कधी बोललो नाही.

मोठ्या माणसांना मातीत ठेवणारेही आपल्या शेजारीच आहेत. महानुभाव पंथीयांत देह मातीला देतात. त्याला ते निक्षेप म्हणतात, आणि खड्ड्यात मीठ घालतात. वीरशैव लिंगायत आपल्या माणसाला बसवून मातीत ठेवतात, विभूती आणि बेलाच्या पानांसह. म्हणजे एकाच गावात, एकाच गल्लीत, देहाला निरोप द्यायच्या दोन-तीन रीती शेकडो वर्षं नांदल्या आहेत.

आणि जाळणाऱ्यांतही लाकूडच हवं असं कुठे होतं? आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाबद्दल म्हणतातच, त्याच्या गोवऱ्या स्मशानात गेल्या. लाकडं गेली असं कुणी म्हणत नाही. या मैदानी, कोरड्या मुलखात खेड्यातल्या चितेला मुख्य आधार गोवऱ्यांचाच होता. थोडं लाकूड खाली, बाकी गोवऱ्या. भाषेने ते जपून ठेवलं आहे, आपण विसरलो.

पारोळ्याची म्हणून एक गोष्ट इथे आठवते. आपला किल्ला १७२७ सालचा, हरी सदाशिव दामोदरांनी बांधलेला. पारोळ्याची जहागीर झाशीच्या नेवाळकर घराण्याशी जोडलेली. त्या घराची सून राणी लक्ष्मीबाई १८५८च्या जूनमध्ये ग्वाल्हेरला पडली. शत्रूच्या हाती देह लागू नये म्हणून बाबा गंगादासांच्या मठात गवताच्या गंजीवर आणि झोपडीच्या लाकडांवर घाईने अग्नी दिला, असं सांगतात. तिचा मान त्यामुळे तसूभर कमी झाला नाही.

खेजडलीची आणि भंडारींची गोष्ट

आपल्यातली बरीच घरं मूळची मारवाडची. त्या मुलखातली एक गोष्ट आपण मुलांना पर्यावरणाच्या धड्यात ऐकवतो, पण तिचा हा भाग सांगत नाही.

बिश्नोई समाजाचे गुरू जांभोजी. १४८५ साली त्यांनी २९ नियम दिले, त्यांत हिरवं झाड तोडायचं नाही हा एक. १७३० साली जोधपूरच्या महाराजा अभयसिंहांच्या वाड्यासाठी चुनखडी भाजायला लाकूड हवं होतं, म्हणून माणसं खेजडली गावात खेजडीची झाडं तोडायला गेली. अमृतादेवींनी झाडाला मिठी मारली. त्या गेल्या, त्यांच्या मुली गेल्या, आणि एकूण ३६३ माणसं झाडांसाठी मेली. आणि हे बिश्नोई हिंदू असून आपले मृतदेह जाळत नाहीत, मातीत ठेवतात. वाळवंटात मेलेल्या माणसासाठी जिवंत झाड तोडायचं नाही, असा त्यांचा हिशोब.

ते लाकूड आणायला ज्या कारभाऱ्याने माणसं नेली, त्याचं नाव गिरधर भंडारी असं सांगतात. भंडारी आडनाव आपल्या ओसवालांत आजही आहे. तो आपल्यातलाच होता का, हा वाद घालण्यात अर्थ नाही. पण अहिंसेवर व्याख्यान ऐकून आल्यावर मला ते नाव खटकलं, एवढं सांगते.

मग जुन्या रीतीकडे परत जायचं का?

मैत्रिणींनो, इथवर वाचून मला वाटलं होतं की उत्तर सापडलं. सासूबाई बरोबर होत्या, आपण मातीत ठेवायला सुरुवात करावी. मग मी त्याच महासतीजींना, शेषकाळात त्या जवळच्या गावी होत्या तेव्हा, जाऊन विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं, “संमूर्च्छिम मनुष्य कुठे उपजतात ते म्हणून दाखवा बरं.” चौदा स्थानं मला पाठ होती. म्हणताना मृत कलेवराचं नाव आलं आणि मी थांबले.

म्हणूनच आपल्याकडे देह घरात फार वेळ ठेवत नाहीत. मातीत ठेवला तर खणताना पृथ्वीकायाची विराधना, आणि पुढे कित्येक दिवस त्यात जीव उपजत राहणार. अग्नीत ठेवला तर तेउकाय, वनस्पतिकाय, आणि लाकडाच्या पोकळीत राहिलेल्या किडा-मुंग्या. राख नदीत सोडली तर अप्काय. महासतीजी म्हणाल्या, “गृहस्थाला हिंसा शून्य करता येत नाही. जयणा करता येते. कुठे कमी, ते बघायचं.” त्यांनी हे करा, ते करू नका, असं काही सांगितलं नाही. तशी आज्ञा त्या देतही नाहीत.

वनात देह सोडायची रीत तर आता परत येणं शक्यच नाही. वनं तेवढी उरली नाहीत आणि गिधाडंही. मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाने साडेतीनशे वर्षं देह पक्ष्यांना दिला. पण गुराढोरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे दुखण्याचं औषध मेलेल्या जनावरांतून गिधाडांच्या पोटात गेलं, त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली, आणि पंधरा-वीस वर्षांत भारतातल्या काही जातींची गिधाडं ९५ टक्क्यांहून जास्त संपली. कारण २००४ साली कळलं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गिधाडं काही परत आली नाहीत. पारशांना सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले, आणि काही घरांनी दहन पत्करलं. एका औषधाने हजारो वर्षांची रीत थांबवली.

परदेशातलं हिरवं दफनही पाहिलं. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये कार्लाइल गावाच्या दफनभूमीत १९९३ साली पहिली वनदफनाची जागा झाली. केन वेस्ट या तिथल्या अधिकाऱ्याची ती कल्पना. थडग्याऐवजी झाड लावायचं. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या रॅम्झी क्रीकला १९९८ पासून अशी जागा आहे. तिथे जंगल राखायचं आणि त्यातच माणसं ठेवायची. तिकडे हे मोठं पाऊल, कारण तिकडची नेहमीची रीत म्हणजे देहात फॉर्मल्डिहाइड भरायचं, जाड लाकडाची नाहीतर लोखंडी पेटी, त्याभोवती सिमेंटचा हौद. त्यापुढे आपलं तान्ह्या बाळाला ठेवणं कितीतरी हलकं. आणि लक्षात ठेवा, परदेशात गेलेल्या माणसाचा देह विमानाने इकडे आणायचा तर त्यात ते रसायन भरावंच लागतं. हट्ट धरण्याआधी एवढं माहीत असू द्या.

आपल्याकडे मोठ्यांसाठी तसं करायचं म्हटलं तर गावाच्या हद्दीत नगरपालिकेने नेमलेल्या जागेतच करता येतं. आपल्या मनाने शेतात खड्डा खणून होत नाही. विहिरी, झरे, पिण्याचं पाणी जवळ असेल तिथे करूही नये. आपल्या समाजाकडे अशी जागा आज नाही. त्यामुळे जेठजींना त्या सकाळी जे उत्तर सापडलं नाही, ते मलाही सापडलं नसतं.

पऱ्हाट्यांचा उपयोग

मग कमी कुठे, ते शोधलं. आणि ते फार लांब नव्हतं.

नागपूरला विजय लिमये यांची इको फ्रेंडली लिव्हिंग फाउंडेशन ही संस्था आहे. त्यांनी मोक्षकाष्ठ नावाने शेतातल्या काडीकचऱ्याचे दाबून केलेले ठोकळे स्मशानघाटांवर आणले. सोयाबीनचं कुटार, तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पऱ्हाट्या. यंत्रात बारीक करायचं, दाबायचं, लाकडासारखे दंडगोल पडतात. नागपूरच्या घाटांवर लोक ते वापरू लागले. मुंबई महापालिकेनेही काही स्मशानभूमींत लाकडाऐवजी असे ठोकळे वापरायचं ठरवलं. चिता तीच, मंत्र तेच, खांदा तोच. फक्त झाड तोडलं जात नाही.

पारोळ्याला पऱ्हाट्यांची काय कमी? दरवर्षी कापूस वेचून झाला की बांधावर ढीग लागतात. थोड्या चुलीला जातात, बाकी शेतातच पेटवून देतात. गुलाबी बोंडअळी त्यात राहते म्हणून त्या ठेवूही नका, असं कृषी खातं सांगतं. म्हणजे आग तर लागतेच आहे, जीव तर जातातच आहेत, आणि वर स्मशानासाठी कडुनिंबही तोडला जातो आहे. एकाच आगीत दोन्ही कामं झाली तर एक आग तरी वाचेल. हा हिशोब मी घरच्या पुरुषांना सांगितला तेव्हा, शेतीचा विषय असल्यामुळे की काय, त्यांना लगेच पटला.

ज्यांना अग्नीही नको आणि मातीही नको, त्यांच्यासाठी देहदान आहे. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं आहे. महाराष्ट्रात शरीररचना शिकवण्यासाठी देह देण्याचा कायदा १९४९ पासून आहे. इच्छापत्र आधी भरून ठेवावं लागतं, आणि घरच्यांना माहीत असावं लागतं. कारण त्या दिवशी फोन करायचा असतो तो घरच्यांनीच. नेत्रदान तर आपल्या समाजात पुष्कळ घरं करतात. तेही सहा तासांच्या आत. बाकी विधीला त्याने काही बाधा येत नाही.

आणि काही गोष्टी तर पूर्ण आपल्या, बायकांच्या हातात आहेत. शेवटची आंघोळ, वस्त्र, वर घालायच्या शाली. सासूबाईंच्या अंगावर आलेल्या शालींपैकी निम्म्या नायलॉनच्या होत्या. त्या जळताना जो काळा धूर निघतो तो पुरुषांनी पाहिला आहे, आपण नाही. साधं सुती कापड पुरे. शाल द्यायचीच असेल तर ती जिवंत माणसाच्या अंगावर घाला. प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली फुलं, थर्माकोलची पत्रावळ, बाटल्यांचं पाणी, हे उठावण्यापर्यंत किती जमतं, ते ज्यांनी झाडलं त्यांना विचारा. राख आम्ही रिवाजाप्रमाणे तापीत सोडली. तेही आता करणार नाही. कोरड्या, मोकळ्या जागेत, पूंजून, लहानशा खड्ड्यात ठेवता येते. तेही परठवणंच.

आमच्या घरात काय ठरलं

सासूबाईंच्या पहिल्या पुण्यतिथीला सगळे जमले होते. सामायिक झाल्यावर मी एक कागद पुढे ठेवला. त्यावर माझं स्वतःचं लिहिलं होतं: आधी डोळे. मग सुती पांढरं वस्त्र, एकच. लाकूड नाही, काडीकचऱ्याचे ठोकळे मिळाले तर ते, नाहीतर गोवऱ्या. चंदन नाही. राख नदीत नाही, बोरीच्या काठापलीकडे त्या बाभळीपाशी. बोलायला लागले तर आवाज फुटणार नाही, म्हणून लिहूनच आणलं होतं.

जेठजींनी चष्मा लावून वाचलं. बाभळीच्या ओळीपाशी ते थांबले. एकतीस वर्षांपूर्वी ते फडकं त्यांच्याच हातात होतं. त्यांनी खाली मान घालून विचारलं, “तुम्हाला जागा माहीत होती?” माझ्याशी ते थेट असं क्वचितच बोलतात. मी म्हटलं, “सासूबाईंनी दाखवली.” मग त्यांनी पेन मागितलं आणि कोऱ्या बाजूवर स्वतःचं लिहायला घेतलं. त्यांनी चंदनाचा एक तुकडा ठेवला आहे, लाकूड काढून टाकलं आहे. त्यांचं ते बरोबरच आहे.

कागद आता कपाटात बँकेच्या पासबुकांबरोबर आहे. जेठाणीबाईंनी अजून लिहिला नाही. त्या म्हणतात, विचार करते आहे.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही एखाद्या सासूबाई, एखादी आई, असं काही बोलून गेली असेल. अशुभ बोलू नका म्हणून आपण त्यांना गप्प केलं असेल. त्यांना आज दुपारी जेवण झाल्यावर विचारा. नीट ऐका आणि लिहून ठेवा. त्या सकाळी शोधायला वेळ नसतो.

माझ्या लिहिण्यात जिनाज्ञेच्या विरुद्ध काही आलं असेल, तर मिच्छामि दुक्कडं.